मागच्या सीटचा पट्टा

१

जुन्या गाड्या विकणारा माणूस खोटं बोलतो. पुण्यात बोलतो, मुंबईत बोलतो, आणि जपानात त्सुकुबात कमरेत वाकून बोलतो. फरक असलाच तर एवढाच. अशी माझी पक्की समजूत होती, आणि ती मी उगाच करून घेतलेली नव्हती. मुंबई पाण्याखाली गेली त्या वर्षी बुडालेल्या गाड्या धुऊन, वाळवून, आत अत्तर फवारून पुण्यात विकल्या जात होत्या. ती बातमी माझी. तेव्हा एका मेकॅनिकने मला एक युक्ती दाखवली होती. कार्पेट बदलता येतं, डिकी रंगवता येते, पण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून कोणी धूत नाही. तो पूर्ण बाहेर ओढायचा. पाणी जिथवर चढलं असेल तिथे गाळाची रेघ सापडते.

जपानमधल्या त्या भूकंप-त्सुनामीनंतर दोन वर्षांनी मी लेकीच्या बाळंतपणासाठी तिकडे गेलो. तिची आई नाही, म्हणून मी. बाप बाळंतपणाला जातो म्हणून काही नातेवाइकांनी नाकं मुरडली, त्यांना काय ऐकवायचं ते ऐकवून मी विमानात बसलो. सुनेत्राला सातवा संपत आला होता. डॉक्टरांनी सायकल बंद केली होती आणि त्सुकुबात सायकल नाही, गाडी नाही, तर माणूस घरात कोंडला जातो. हॉस्पिटल लांब, बसचा भरवसा नाही. जावई ऋषी तिथल्या एका संशोधन संस्थेत पोस्टडॉक. हुशार, सज्जन, आणि कोणाशी भांडण म्हटलं की पाय लटपटणारा.

"बाबा, ती पिवळ्या नंबरप्लेटवाली छोटी घेऊ. इथे सगळे तीच घेतात," तो म्हणाला.

"ती आगपेटी? त्यात माझी नात बसवायची? पुढे इंजिन, मागे डिकी आणि मधे माणसं, याला गाडी म्हणतात. सेडान घ्यायची. आणि निवडायची मी."

हमरस्त्यालगत ओकुमुरा-सान नावाच्या म्हाताऱ्याचं गाड्यांचं आवार होतं. तिथे एक चंदेरी सेडान मला आवडली. मी चाकांजवळ वाकून पाहिलं, डिकीतलं फडकं उचलून नाक खुपसलं, मग दारं उघडून एकेक पट्टा शेवटपर्यंत ओढला. सगळे स्वच्छ. मागचा उजव्या बाजूचा तर कोरा वाटावा इतका.

"विचार, गाडी कुठली."

ऋषीने बराच वेळ विचारलं. "उत्तरेकडची आहे, बाबा. किनाऱ्यावरच्या गावची. पण पाण्यात गेलेली नाही म्हणतात. कागदावरही तसंच आहे."

"कागदावर सगळंच असतं."

पण पट्टे खोटं बोलत नाहीत. मी गाडी घेतली.

किल्ली देण्याआधी ओकुमुरा ड्रायव्हरच्या सीटवर अर्धवट बसला, पाय बाहेरच ठेवून, आणि नेव्हिगेशनच्या पडद्यावर बोट फिरवू लागला.

"काय करतोय तो?"

"जुन्या मालकाचं घर, म्हणजे यात भरलेला घरचा पत्ता, पुसताहेत. इथे पुसूनच देतात. आणि मालकाने मुद्दाम सांगितलंय म्हणे, किल्ली दुसऱ्याच्या हातात जायच्या आधी हे पुसा."

मुद्दाम सांगितलंय! उभ्या आयुष्यात ज्या ज्या गोष्टी कोणीतरी मुद्दाम पुसायला सांगितल्या, त्यावरच माझं पोट चाललं. मी आत हात घातला आणि म्हाताऱ्याचं मनगट धरलं. अनोळखी माणसाला हात लावणं तिथे रीतीत बसत नाही हे मला माहीत होतं. ऋषी कानापर्यंत लाल झाला.

"सांग त्याला, काही पुसायचं नाही. आम्ही गाडी घेतोय ती तिच्या इतिहासासकट."

ओकुमुरा सावकाश, बराच वेळ बोलला. ऋषीने त्याचं एक वाक्य केलं. "म्हणतात, पुसलेलं बरं."

"का?"

"ते नाही सांगत."

"मग नाही पुसायचं."

ओकुमुराने आपल्या मनगटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग तो वाकला. त्या वाकण्यात मला तेव्हा कबुली दिसली होती.

२

ऋषीला सायकलशिवाय काही चालवता येत नव्हतं आणि सुनेत्राचं पोट स्टिअरिंगला लागायला लागलं होतं, म्हणून ड्रायव्हर मी. दुपारनंतर तिला तपासणीला किंवा बाजारात न्यायचं, परत येताना विभाला घ्यायचं. विभा माझी नात, सहा वर्षांची. मी मराठीत विचारायचं, तिने जपानीत उत्तर द्यायचं, असा आमचा संसार. ती मागे डाव्या बाजूला तिच्या उंच खुर्चीत बसायची. उजवी बाजू रिकामी.

पाच वाजता गावभर खांबांवरच्या कर्ण्यांतून एक धून वाजते. मुलांनो, घरी जा, असा तिचा अर्थ. कर्णे मूळचे संकटाची सूचना द्यायला लावलेले, पण रोज संध्याकाळी ते धून वाजवतात म्हणजे बिघडलेले नाहीत हेही कळतं. ती वाजायची तेव्हा आम्ही बहुतेक रस्त्यावर असायचो.

घराचं दार उघडलं की विभा ओरडायची, "तादाइमा!" म्हणजे, आले मी. यावर घरातल्या माणसाने "ओकाएरी" म्हणायचं, की ये, आलीस. अख्खा देश म्हणतो. मी म्हणायचो नाही. ती मित्राकडून एकटी परतली आणि मी घरात असलो की मी मुद्दाम, शनिवार पेठेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचो, "आलीस का गं?" ती कपाळावर हात मारून घ्यायची, पण खूश व्हायची.

पहिल्याच आठवड्यात एक बारीकशी गोष्ट झाली. आमच्या गल्लीसाठी डावीकडे वळायचं त्या सिग्नलला पाचची धून सुरू झाली आणि नेव्हिगेशनमधली बाई बोलली. मी तिला काही विचारलेलं नव्हतं.

"सरळ जा म्हणतेय, बाबा," सुनेत्रा म्हणाली.

"का जाऊ? घर डावीकडे आहे."

मी वळलो. ती पुन्हा बोलली, गोड आवाजात, न रागावता. पडद्यावर एक निळी रेघ आमच्या घराला पाठ करून उत्तरेकडे निघाली होती आणि तिच्या टोकाला एक चिमुकलं घर काढलेलं होतं. त्यानंतर रोज पाचला तेच.

"आधीच्या मालकाने वेळ लावून ठेवली असेल," ऋषी म्हणाला. "पाचला काम सुटलं की घरचा रस्ता दाखव, असं काहीतरी. पुसून टाकू का?"

"नाही. असू दे."

रविवारी मी गाडी आतून पुसायला घेतली. मागच्या उजव्या पट्ट्यावर फडकं फिरवलं तर ते ओलं झालं. मी पट्टा बाहेर ओढला. सीटपासून वीतभर वर, आडवी, राखाडी, नखाने खरवडली तर नखात भरेल अशी गाळाची रेघ. बाजूच्या पट्ट्यावर काही नाही. सीट कोरडी. वास मात्र आला, आणि तो नळाच्या पाण्याचा नव्हता.

हा पट्टा मी स्वतः, याच हातांनी, शेवटपर्यंत ओढून पाहिला होता.

माझं डोकं दोनच शक्यता मानायला तयार होतं. एकतर मला दिसायचं कमी झालंय, नाहीतर त्या म्हाताऱ्याने मला बनवलं. पहिली मी विचारातही घेतली नाही.

३

"बुडालेली गाडी गर्भारशीच्या गळ्यात मारता?" मी ओकुमुराच्या आवारात पाय ठेवताच सुरुवात केली. "भाषांतर कर. शब्दन्‌शब्द कर."

ऋषीने काय सांगितलं देव जाणे. ओकुमुरा धावत आला नाही, हात जोडले नाहीत, काही नाही. मागचं दार उघडून गुडघ्यांवर बसला. पट्टा हळूहळू बाहेर काढला. रेघेला बोट लावलं, ते नाकाजवळ नेलं आणि तसाच बसून राहिला. मी पुष्कळ चोर पकडले जाताना पाहिलेत. ते घाम पुसतात, हसतात, आवाज चढवतात. हा यातलं काही करत नव्हता.

मग तो ऋषीशी बोलला. ऋषी मधे दोनदा थांबला.

"ते म्हणतात, ही गाडी पाण्यात गेलेलीच नाही. त्या दिवशी मालक कामावर होता, वर डोंगरात. गाडी त्याच्याबरोबर होती. गाडी नंतर..." ऋषी अडखळला. "गाडी नंतर घरी गेली नाही. जायला घर नव्हतं."

"आणि आत कोण बसायचं? इथे, उजवीकडे?"

ऋषीने विचारलं नाही. मी पुन्हा सांगितलं, तरी विचारलं नाही.

"बाबा, ते गाडी परत घ्यायला तयार आहेत. आत्ता. दुसरी देतो म्हणतात, हवी ती."

इथे शहाणा माणूस किल्ली टेबलावर ठेवून निघाला असता. पण मला गाडी बदलून नको होती. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. तोंड दाबायला दिलेली भरपाई मी कधी कोणाला घेऊ दिलेली नाही.

"लेखी द्यायला सांग. गाडी बुडालेली होती आणि मी ते लपवलं, असं."

ओकुमुराने मान हलवली. "म्हणतात, जे झालं नाही ते कसं लिहू?"

"मग गाडी इथेच ठेवून पुरावा तुमच्या हातात देऊ? मी मूर्ख दिसतो?"

"निदान ते घर तरी पुसा म्हणतात. आत्ता, इथे. विनंती करताहेत, बाबा."

म्हातारा खरोखरच डांबरावर गुडघे टेकून होता. मी गाडीचं दार आपटलं.

परत येताना पाच वाजले, धून लागली, बाई बोलू लागली. घरी पोचलो तर सुनेत्रा खिडकीशी उभी. तिला सगळं सांगितल्यावर ती रडकुंडीला आली. "मला तो आवाज रोज ऐकवत नाही, बाबा. तुमचा पुरावा राहू दे, पण तो बंद करा."

तेव्हा मी तोडगा काढला. माझा तोडगा, त्याचं श्रेय मी कोणाला देणार नाही. मी पडद्याचा फोटो काढला, जुना पत्ता स्वच्छ दिसेल असा. आणि ऋषीला म्हणालो, "पुसू नकोस. बदल. घर म्हणून आपला पत्ता घाल. म्हणजे बाईला आपल्याच घरी यावं लागेल."

ऋषी हसला. मलाही हसू आलं. त्याने आमचा पत्ता घातला, फ्लॅटच्या नंबरासकट.

४

मग शांतता झाली. पाचला बाई बोलायची, पण आमच्याच घराचा रस्ता सांगायची, आणि सिग्नलला डावीकडेच वळवायची. सुनेत्राचा चेहरा निवळला. मी स्वतःवर खूश होतो.

पट्टा मात्र मी रोज ओढून पाहत होतो. घरात सांगितलं नाही. सांगणार काय? रेघ एका जागी राहत नव्हती. आधी वीतभर होती. मग मुलाच्या मांडीवरून जाईल इतकी, मग पोटावरून. मी तिच्या जरा वर पेनने खूण केली. दुसऱ्या दिवशी खूण गाळाखाली गेलेली होती. ओल भिनत वर चढते, असं मी स्वतःला सांगितलं. ओल डाव्या पट्ट्यात का भिनत नाही, हा पुढचा प्रश्न. आयुष्यभर पुढचा प्रश्न विचारायची भाकरी खाल्ली, आणि तो मी विचारला नाही.

त्या दिवशी आम्ही सगळे घरात होतो. गाडी खिडकीसमोर, तळमजल्यावरच्या आमच्या जागेत उभी. किल्ली माझ्या शर्टाच्या खिशात. कर्ण्यांतून धून सुरू झाली. विभा खिडकीशी चित्र रंगवत होती. तिने मान वर केली, गाडीकडे पाहिलं आणि सहज, वर्गमैत्रिणीला म्हणावं तसं म्हणाली, "ओकाएरी."

"कोणाला म्हणालीस?"

तिने जपानीत उत्तर दिलं.

"मराठीत सांग."

"ती आली ना," विभा म्हणाली. "पण तिला दार उघडता येत नाही. लॉक आहे."

मी तरातरा बाहेर गेलो. चिडलो की मला भीती वाटत नाही, हा माझा कामाचा गुण. गाडी बंद होती, इंजिन थंड. पण आत पडदा उजळलेला. नकाशात जिथे आमचं घर, तिथे ते चिमुकलं घर. उत्तर आणि पूर्वेचा भाग मात्र समुद्रासारखा निळा. शेतं, रस्ते, सगळं निळं, आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत. बाई काहीतरी म्हणाली. तेवढं जपानी मला आता येत होतं, रोज ऐकत होतो. आपण घराजवळ पोचलो आहोत. मार्गदर्शन इथे संपत आहे.

पडदा काळा झाला.

मुलं रडून उठतील इतक्या मोठ्याने मी त्या रिकाम्या गाडीला एक पुणेरी शिवी हासडली. समोरच्या बाल्कनीतल्या बाईने वाळत घातलेली चादर काढून घेतली आणि दार लावलं.

आणि मग, लॉक उघडं आहे का हे बघायला म्हणून, मी मागचं उजवं दार उघडलं. लॉक नव्हतंच. मी ते उघडं धरून उभा राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. आत कोणी नव्हतं. मी दार लावून घेतलं.

५

सुनेत्राच्या कळा तारखेच्या आधी सुरू झाल्या, भर दुपारी. ऋषी संस्थेत. मी बॅग डिकीत टाकली, विभाला म्हटलं बस पटकन, आणि सुनेत्राला धरून बाहेर आणलं.

विभा तिच्या खुर्चीत बसून पट्टा लावत होती आणि उजवीकडे वळून जपानीत बडबडत होती. मी सुनेत्रासाठी पुढचं दार उघडलं आणि मागे नजर गेली.

उजवा पट्टा लावलेला होता. खटक्यात अडकवलेला. पण सपाट नव्हता. सीटच्या पुढे, हवेत, कमानीसारखा उभा होता, जसा लहान मुलाच्या अंगावरून गेला की राहतो. पूर्ण भिजलेला. गाळ गळ्यापर्यंत. आणि तो अगदी हळू पुढे येत होता, मागे जात होता.

पुढे, मागे. विभाचा श्वास चालतो तसा.

"बाबा, चला ना!" सुनेत्राने गाडीच्या टपावर हात आपटला.

"उतर," मी विभाला म्हणालो.

"पण..."

"उतर म्हणतो ना!" मी तिला पट्ट्यासकट ओढली असती. तिनेच खटका दाबला आणि रडत उतरली. रडता रडता आत वळून काहीतरी म्हणाली. समोरची ती चादरवाली बाई आवाज ऐकून खाली आली होती. माझ्याकडे बघायचं टाळून तिने टॅक्सीला फोन केला, सुनेत्राला आपल्या खांद्यावर टेकवलं. टॅक्सी आली तोवर मी गाडीकडे पाठ करून उभा होतो.

टॅक्सीत मी विभाला विचारलं, "काय म्हणालीस तिला?"

ती माझ्यावर रुसलेली होती. "की आईला घेऊन आम्ही येतो परत. तू आत बस."

"आत म्हणजे? गाडीत?"

विभाने खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

मुलगा झाला. दोघं सुखरूप. हे मी आधी सांगायला हवं होतं, पण अजूनही मला तो दिवस त्या क्रमाने आठवत नाही.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऋषीला म्हणालो, "बोलाव त्या म्हाताऱ्याला. लेखी बिखी काही नको. गाडी ने म्हणावं."

ओकुमुरा स्वतः आला, काळा कोट घालून. आधी पुढे बसला आणि पडद्यावरचं घर पुसलं. मी मनगट धरलं नाही. मग तो उतरून मागे गेला, मागचं उजवं दार उघडलं, बाजूला झाला आणि कमरेत वाकून उभा राहिला. हॉटेलच्या दारात गाडीचं दार उघडून माणूस थांबतो तसा. थांबला, थांबला. मग त्याने आत हात घालून पट्टा ओढला, शेवटपर्यंत.

कोरडा. स्वच्छ. मी केलेली पेनची खूणसुद्धा जशीच्या तशी.

ओकुमुरा माझ्याकडे वळला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर राग होता. तो दोन वाक्यं बोलला.

"काय म्हणाला?"

"काही नाही, बाबा. गाडी नेतो म्हणाले."

"ऋषी."

ऋषीने चष्मा काढून पुसला. "म्हणाले, पुसायला उशीर झाला. ती उतरलीये."

गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली. मी तिथेच उभा होतो, आणि मला संताप आला होता. म्हाताऱ्याचा, त्या मालकाचा, या देशाचा. सरळ सांगायला काय होतं? 'पुसलेलं बरं' म्हणजे काय? कोणाला कळणार त्याने? मी विचारलं होतं. मी स्पष्ट विचारलं होतं, का म्हणून. उत्तर द्यायचं होतं ना.

त्या रात्री विभासकट आम्ही हॉस्पिटलजवळच्या हॉटेलात राहिलो, सुनेत्राला सोबत म्हणून. आणि तिला सोडेपर्यंत तिथेच. ऋषीने कारण विचारलं नाही.

७

सुनेत्राला घरी आणलं तेव्हा संध्याकाळ होत होती. टॅक्सी निघून गेली. ऋषीच्या दोन्ही हातांत बॅगा, सुनेत्राच्या कुशीत बाळ, विभा सगळ्यांच्या पुढे. किल्ली माझ्याकडे होती. फ्लॅट बंद करून निघालो तो मीच, दोनदा ओढून बघितलेलं दार.

आमच्या दाराला, जमिनीपासून थोडं वर, आडवी राखाडी रेघ होती. मी तिच्यापुढे उभा राहिलो, सुनेत्राला दिसू नये म्हणून.

"बाबा, उघडा ना. उभं राहवत नाही मला."

"सुनेत्रा, आपण दोन दिवस अजून..."

"अजून काय? माझं घर आहे ते. मला माझ्या घरी जायचंय."

मी सगळ्यांना उत्तरं देत आलो. मंत्र्यांना दिली, पोलिसांना दिली. लेकीच्या या वाक्यावर मी नुसती खिशातली किल्ली काढली. माझ्या फोनमध्ये एक फोटो होता, त्यात एक पत्ता होता, आणि तिथे आता गवत होतं. कोणाला तरी जाऊन सांगायला हवं होतं की बाळ, तुझं घर ते, हे नव्हे. ते काम माझं होतं. मी किल्ली हातात धरून उभा होतो.

कर्ण्यांतून धून सुरू झाली.

विभा माझ्या हाताखालून पुढे सरकली, दाराला तोंड लावलं आणि ओरडली, "तादाइमा!"

मी अजून किल्ली फिरवलेली नव्हती.

आतून, दाराच्या अगदी पलीकडून, जपानी वळणाच्या मराठीत, पण हेल तंतोतंत माझा, एक लहान मुलगी आनंदाने म्हणाली, "आलीस का गं?"

आणि कडी आतून उघडली.